जाळी लावली, पण करवंदीची

"जाळी किती फुटी पाहिजे, वहिनी? चार, पाच की सहा?" दुकानदाराने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत आत्या बोलल्या, "करवंदीच्या जाळीला कवा कुणी माप लावलंय व्हय?"

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. दुकानदाराला काही कळेना, मलाही क्षणभर कळेना. आम्ही चेनलिंकच्या, म्हणजे तारेच्या जाळीचा भाव काढायला गेलो होतो. त्यांच्या डोक्यात मात्र मेढ्याच्या पलीकडची, माहेरच्या डोंगरातली करवंदीच्या झुडपांची जाळी होती. परत येताना रिक्षात त्या एकच वाक्य बोलल्या, "पैसं घालून गंजणारं कशाला आणतीस?"

ही 2017 च्या एप्रिलमधली गोष्ट. आदल्या दिवाळीत आम्ही साताऱ्याबाहेर, मेढा रस्त्याच्या अंगाला बांधलेल्या घरात राहायला आलो होतो. प्लॉट चार गुंठ्यांचा, सहासष्ट बाय सहासष्ट. घर बांधतानाच पुढची भिंत आणि गेट झालं होतं. पूर्वेला शेजाऱ्यांची भिंत होतीच. उघड्या राहिल्या त्या मागची आणि पश्चिमेची बाजू, मिळून एकशे बत्तीस फूट. त्या एकशे बत्तीस फुटांतून रोज सकाळी शेळ्या येत. मी लावलेली मेथी आणि शेवग्याची दोन रोपं त्यांनी अशी साफ केली होती की तिथे काही लावलं होतं हे मलाच शपथेवर सांगावं लागलं असतं. शिवाय मागच्या वस्तीतली माणसं आमच्या परसातून थेट रस्त्यावर जात. वर्षानुवर्षं त्यांची ती पायवाटच होती, त्यामुळे त्यांना आम्हीच उपरे.

भिंतीचा खर्च घर बांधून झाल्यावर पेलणारा नव्हता. झाडाचं कुंपण करायचं तर पर्याय पुष्कळ निघाले. नर्सरीवाला म्हणाला, ड्युरांटा लावा, दोन वर्षांत हिरवागार पडदा. पडदा होतो, पण त्यातून शेळी आरामात आत येते. शेराचं कुंपण आमच्या गावाकडे शेताला असायचं. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याची वाट लागते, आणि घरात भाच्यांची ये-जा, म्हणून ते नको. चिलार म्हणजे वाकड्या काट्यांचं जंगलच. ते बारा एकरवाल्याने लावावं. घायपात चालली असती, पण पानांची ती टोकं नेमकी लहान पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला येतात. राहता राहिली करवंदी. बारमाही हिरवी, काटा सरळ आणि दणकट, एकदा जीव धरला की पाण्याची मागणी नाही. आणि फळ देणारी. या शेवटच्या गोष्टीने पुढे काय घोळ होणार होता ते तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. कुंपण आणि करवंदं दोन्ही मिळणार, असं धरून आम्ही खूश.

आमच्या एका नणंदेने "घराशी काटेरी झाड असू नये" म्हणून फोनवर अर्धा तास घेतला. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दारात कुठंय? कुंपणाला हाय. काटा कुंपणाला न्हाई तर काय देव्हाऱ्यात लावायचा?"

मे महिन्यात आत्यांच्या भावाने माहेरून पाटीभर पिकलेली करवंदं पाठवली. खाऊन उरलेल्या बियांचं काय करायचं यावर आमचे दोन तट पडले. माझं म्हणणं, बिया धुऊन, वाळवून, पुडीत बांधून ठेवू आणि नीट तयारी करून लावू. भेंडी-गवारीच्या बिया आपण ठेवतोच की. आत्यांचं म्हणणं, "करवंदीचं बी आन् म्हातारं माणूस, ठिवून वाढत न्हाई." त्यांनी गर चोळून काढला, बियांना राख लावली, दोन दिवस सावलीत सुकवल्या आणि मृग लागायच्या आधी पिशव्यांत टाकूनही दिल्या. माती, वाळू आणि जुनं शेणखत सारख्या मापाने; दीडशे काळ्या पिशव्या; प्रत्येकीत दोन बिया; बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. अडीच-तीन आठवड्यांत हिरवे मणी वर आले. दीडशेपैकी एकशे एकतीस पिशव्या लागल्या.

माझी पुडी मी मसाल्याच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवली होती. पुढल्या जानेवारीत, "उन्हाळ्यापर्यंत रोपं मोठी होतील" असा हिशेब करून मी त्या बिया लावल्या. एकही उगवली नाही. मार्चपर्यंत पाणी घालत होते. करवंदाच्या बीची उगवणशक्ती फार लवकर जाते, हे तेव्हा मला असं कळलं.

रोपं पहिल्या वर्षी काय वाढतात म्हणता! वर्षाने जेमतेम वीत-दीड वीत. पावसाळा आणि हिवाळा ती पिशव्यांतच होती, उन्हाळ्यात लिंबाखाली. तेवढा काळ हद्दीवर आम्ही बोराटीच्या काट्या रोवल्या. ते काम मात्र तातडीचं होतं, कारण शेळ्यावाल्या मावशींना "पुढच्या वर्षी कुंपण होणार आहे" हे सांगून काही उपयोग नव्हता.

लावण्याआधी मोजणी करून घेतली. या एका गोष्टीसाठी मी स्वतःची पाठ थोपटते. मागच्या जाधववहिनींचा आणि आमचा बांध आधीच्या मालकांच्या काळापासून तोंडी ठरलेला होता. भिंत चार इंच चुकली तर भांडण होतं आणि तिथेच राहतं. काटेरी झाड तर दर वर्षी हातभर सरकतं. मोजणीचे दगड बसले, आणि आम्ही चर दगडांच्या ओळीवर न खणता दोन फूट आत खणला. यांना ते पटत नव्हतं. "एकशे बत्तीस फूट गुणिले दोन, म्हणजे पाव गुंठा सोडला की गं!" मी म्हटलं, सोडला नाही, फांद्यांना दिला. पलीकडची बाजू छाटायला माणूस उभा कुठे राहणार? जाधववहिनींच्या वांग्यांत? कुंपण लावणाऱ्याने हद्दीपासून निदान दीड-दोन फूट आत यावंच. करवंदीच्या फांद्या ती जागा तीन वर्षांत भरून काढतात, आणि तरीही हद्दीत राहतात.

चर दीड फूट रुंद, दीड फूट खोल. पश्चिमेला छान तांबडा मुरूम लागला. मागच्या कोपऱ्यात मात्र काळी, चिकट माती. आत्यांनी ती मुठीत दाबून बघितली आणि तोंड वाकडं केलं. "हिच्यात पाय कुजत्याल. करवंदीला डोक्यावर पाऊस चालतो, पायाशी तळं चालत न्हाई." मी म्हटलं, भरपूर वाळू-मुरूम घालू. घातला. 2018 च्या जुलैत, दोन पाऊस बरे पडून गेल्यावर रोपं लावली. दोन ओळी, ओळीत अडीच फुटांवर एक रोप, आणि दुसऱ्या ओळीतलं रोप पहिलीतल्या दोघांच्या मधोमध येईल असं. एकशे सहा रोपं लागली. उरलेली पंचवीस सांध भरायला ठेवली. त्यातली नऊ पहिल्या वर्षातच वापरली, बाकीची बरीचशी नात्यात वाटली.

सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना ऑक्टोबरात बोराटीची एक काटी कुणीतरी हलवली आणि शेळ्या पुन्हा आत आल्या. करवंदीचे कोवळे शेंडे त्यांनी ओळीने खाल्ले, पश्चिमेची जवळजवळ चाळीस रोपं. मी रडायचीच बाकी होते. आणि मग संक्रांतीपर्यंत काय दिसलं? ज्यांचे शेंडे खाल्ले गेले होते त्या रोपांना बुडातून तीन-तीन, चार-चार फुटवे. आणि मी राखलेली रोपं एका काडीवर सरळसोट उभी. तेव्हा कात्री काढली आणि उरलेल्यांचे शेंडे मीच फूटभरावर मारले. रोप जगवण्याच्या मायेने मी ते कधीच केलं नसतं. करवंदीला खालून भरगच्च करायचं तर पहिल्या दोन वर्षांत उंच होऊ द्यायचं नाही. एकदा बुडाशी विरळ राहिली की नंतर वरून कितीही छाटा, खालून मांजर काय, कुत्रंही जातं. मावशींना हे मी कधी सांगितलेलं नाही.

काळ्या मातीचा कोपरा आत्यांच्या शब्दाला जागला. 2019 च्या ऑगस्टात तो जो पाऊस झाला, ज्यात सांगली पाण्याखाली गेली, त्या आठवड्यात आमच्या मागच्या कोपऱ्यातही घोटाभर पाणी पाच दिवस हललं नाही. पाणी ओसरल्यावर पानं पिवळी पडली, मग गळली. चौदा रोपं एका जागची गेली. तिथे खिंडार पडलं ते पडलंच. दुसऱ्या वर्षी पुन्हा सहा लावली, तीही गेली. मग कोपऱ्यातून पाणी काढायला एक नळी घातली, पण तोवर लावायला रोपं नव्हती आणि माझ्यात तेवढी उमेदही राहिली नव्हती.

यांना त्या काळात इतिहासाचं वेड लागलं होतं. लॉकडाऊनमध्ये ते परसात खुर्ची टाकून वाचत बसत आणि मी काट्यांत वाकलेली. एक दिवस म्हणाले, "ऐक, तुझ्या कामाचं आहे." एकोणिसाव्या शतकात मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ आत आणू नये म्हणून इंग्रजांनी सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली होती, आणि तिच्यातलं शेकडो मैलांचं अंतर चक्क जिवंत काटेरी कुंपण होतं. बाभूळ, बोर, निवडुंग आणि करवंदी! त्या खात्यावर काही वर्षं ॲलन ह्यूम होता. पुढे 1885 साली काँग्रेसच्या स्थापनेत ज्याचं नाव येतं तोच. त्यानेही जागोजागी माती बघून कुठे काय जगेल ते ठरवलं, चर खणले, पाणी तुंबायच्या जागी बांध घालून त्यावर कुंपण लावलं. 1879 मध्ये ती रेषाच बंद केली. "म्हणजे बघ," हे म्हणाले, "ह्यूमसाहेबाला शेकडो मैल लावून झाले, तुझं एका कोपऱ्याचं अडलंय." मी म्हटलं, साहेबाकडे खुर्चीत बसून वाचणारा नवरा नसेल. पण त्या दिवसापासून करवंदं बघितली की मला मीठ आठवतं खरं. तसं नातं आहेच म्हणा, कच्च्या करवंदाचा चीक मिठाच्या पाण्यानेच जातो.

2021 च्या जानेवारीअखेर पहिला बहर आला. करवंदीचं फूल बघायला फार काही नाही, पांढरी बारीक चांदणी, पण संध्याकाळी वास असा की जुईची चूक व्हावी. एप्रिलमध्ये हिरवी फळं, मेमध्ये काळी. सगळी मिळून एक पातेलंभर. आत्यांनी पहिलं करवंद तोडून पुढे धरलं. "कोंबडा का कोंबडी?" मी म्हटलं कोंबडी. त्यांनी चावून दाखवलं, आतून लालभडक. "कोंबडा! हरलीस." सत्तरी उलटलेल्या बाईने हा खेळ पाऊण तास खेळला आणि दर डावाला त्याच जिंकल्या. पैज लावायच्या आधी त्या फळ उजेडाला धरून बघत होत्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आणि मग त्याच वर्षी मी घाण केली.

डिसेंबरात मुलीचा साखरपुडा घरी ठरला. मांडव परसात. कुंपण तेव्हा साडेचार-पाच फूट झालेलं, फांद्या चहूकडे. पाहुण्यांच्या शालू-शेल्यांना काटे लागतील, फोटोत रान दिसेल, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. यंत्र घेऊन एक माणूस आला आणि त्याने तीन तासांत दोन्ही बाजू आणि माथा असा सपाट केला की वर ताट ठेवावं. मला तर ते इतकं आवडलं की मी चारचौघांत स्वतःचं कौतुक करून घेतलं. आत्या मांडवात बसून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत तेव्हा काहीतरी असतं हे मला कळायला हवं होतं.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. फूल नाही. मार्चमध्ये आतल्या बाजूला, यंत्र पोचलं नव्हतं तिथे चार-पाच झुबके दिसले. बस्स. पावसाळ्यात फुटलेल्या फांद्यांच्या टोकांना बहर धरतो, आणि ती टोकंच आम्ही डिसेंबरात गाडीभर कापून नेऊन टाकली होती. मेपर्यंत आमच्या घरी करवंद दिसलं ते फक्त साखरपुड्याच्या केकवर. बेकरीत ज्याला चेरी म्हणतात ना, ते लालचुटुक, गोड, चिवट प्रकरण पुष्कळदा पाकवलेलं, रंगवलेलं करवंदच असतं. मेमध्ये राजवाड्यापाशी पाट्या घेऊन बसलेल्या बायकांकडून मी करवंदं विकत आणली. आत्यांनी लोणचं घातलं, बरणीला फडकं बांधलं आणि तेव्हा कुठे म्हणाल्या, "कुंपण लावलंस का केळवण केलंस? दोन्ही एका दिवशी सजत न्हाई."

म्हणजे प्रश्न असा की कुंपण हवं की करवंदं? सारखं छाटाल तर भिंतीसारखं दाट होईल आणि फळ येणार नाही. मोकळं सोडाल तर फळांनी लवेल, पण बुडाशी उघडं पडेल आणि माथ्यावर रान माजेल. मी दोन वर्षं दोन्ही मिळवायचा प्रयत्न केला आणि शेवटी वाटणी केली. पश्चिमेची बाजू, जिथून पायवाट होती, ती कुंपणाची. तिथे दर वर्षी काटेकोर छाटणी, फळाची आशा नाही. मागची बाजू करवंदांची. तिथे छाटणी तीन वर्षांनी एकदा, तीही एका वेळी तिसरा हिस्सा, म्हणजे दोन हिश्श्यांवर बहर राहतोच. आणि कुठलीही बाजू असली तरी कात्री लागायची ती फळ उतरल्यावर, जूनच्या सुरुवातीला, पाऊस जोर धरायच्या आत. मग अख्खा पावसाळा नवी फूट वाढायला मिळतो आणि जानेवारीला बहर येतो.

आकाराचंही तसंच. यंत्रवाल्याने उभं सरळ कापलं होतं, म्हणजे माथ्याची सावली बुडावर. आता मी बुडाशी तीन फूट रुंद आणि माथ्याला जेमतेम दीड फूट ठेवते, गवताच्या गंजीसारखं निमुळतं. खालच्या पानांना ऊन मिळालं की खालची फांदी मरत नाही.

छाटण्याचं काम मी आता स्वतःच करते, वर्षातून तीन-चार सकाळी. हातमोजे कातडीचेच पाहिजेत, कापडी मोज्यातून काटा सरळ आत येतो. हाताला आधी खोबरेल चोळायचं, नाहीतर चीक काळा होऊन आठवडाभर निघत नाही. कात्रीच्या पात्यांनाही तेल. कापलेली प्रत्येक काडी त्याच दिवशी उचलायची. हे शिकायला मला स्कूटरची दोन पंक्चरं, यांच्या चपलेतून आरपार गेलेला एक काटा आणि त्यावर यांनी केलेलं भाषण एवढा खर्च आला. करवंदीचा काटा हिरवा असतो तोवर निदान वाकतो. वाळला की खिळा. छाटलेल्या काट्या मी भाजीच्या वाफ्यांवर पसरते. मांजरं उकरायला येत नाहीत.

सापाचं सगळेच विचारतात. सात वर्षांत मला एक धामण दिसली, तीही मुंगसाच्या घाईने निघून गेलेली. बुडाशी पालापाचोळा साचू दिला नाही, दगड-विटांची रास ठेवली नाही, तर बरंच निभतं. खरी वस्ती पाखरांची. शिंपी आहे, होले आहेत, एक भारद्वाज रोज पहाटे कुंपणाच्या बुडाने पोलीसपाटलासारखा फिरून जातो. बुलबुलांनी मात्र माझी पंचाईत केली आहे. त्यांची घरटी नेमकी मे-जूनमध्ये, कंबरेच्या उंचीला, काट्यांच्या आत. जूनला छाटायचं तर आधी पूर्ण कुंपण वाकून तपासावं लागतं. गेल्या वर्षी एका घरट्यात पिल्लं होती म्हणून पश्चिमेचा सात-आठ फुटांचा तुकडा तसाच ठेवला. तो तुकडा वर्षभर न्हाव्याने अर्ध्यात सोडलेल्या डोक्यासारखा दिसत होता. आणि त्याला करवंदं आली!

मुलगी लग्नानंतर इंग्लंडला गेली. 2023 च्या मेमध्ये तिचा व्हिडिओ आला. शेताकडेने मैलभर पांढऱ्या फुलांनी ओथंबलेलं कुंपण. "आई, बघ, आपली करवंदी!" करवंदी नव्हे, हॉथॉर्न. पण काटा तसाच, फूल पांढरं, पक्षी आत. फळ लाल, शरदात पिकणारं. बहर मेमध्ये येतो म्हणून त्या फुलाला तिकडे 'मे' असंच म्हणतात. तिची घरमालकीण म्हातारी बाई, बागेचं वेड असलेली. तिच्याकडून मुलगी एकेक विचारून मला कळवायला लागली. त्यांचंही आपल्यासारखंच, आदल्या हंगामातल्या लाकडावर बहर, अवेळी छाटलं की फूल गेलं. पाखरांच्या घरट्यांसाठी शेतकऱ्यांना मार्च ते ऑगस्ट कुंपण छाटायला मनाईच आहे म्हणे. पण बीची गोष्ट ऐकून आत्या हसत सुटल्या. हॉथॉर्नची बी टणक, तिला थंडी लागते. पुष्कळदा दीड वर्ष, दोन हिवाळे मातीत काढल्याशिवाय उगवत नाही. आमचं बी महिनाभर थांबलं तर मरतं, त्यांचं थांबल्याशिवाय जगत नाही. आत्या म्हणाल्या, "तुझी पुडी तिकडं पाठवायला पायजे हुती."

त्याच ओघात तिने कुंपण निजवण्याची रीत दाखवली. हॉथॉर्न म्हातारं होऊन बुडाशी विरळ झालं की उभं खोड मुळापाशी तिरकं, जवळजवळ आरपार कापायचं, सालीचा आणि लाकडाचा पातळ पट्टा तेवढा ठेवायचा, आणि खोड आडवं निजवायचं. ते मरत नाही. आडव्या खोडावरून आणि बुडातून नवी फूट उभी येते आणि खिंडार भरतं. ते बघून माझ्या डोक्यात एकदम मागचा कोपरा आला. चार वर्षं रिकामा होता.

पहिला प्रयोग फसला. करवंदीचं जुनं लाकूड कठीण आणि ठिसूळ. कोयत्याने तिरका घाव घातला, वाकवलं, काडकन तुटलं. दुसरंही तुटलं. आत्या ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "म्हातारीला का वाकवतीस? पोरीला वाकव." मग मी खिंडाराच्या दोन्ही कडांच्या झाडांच्या बुडातून निघालेल्या, करंगळीएवढ्या जाड, लवचीक फांद्या घेतल्या. आषाढात त्या खिंडारात आडव्या ओढल्या, जमिनीला टेकतील तिथे सालीला बोटभर चीर दिली, वर मुरूम मिसळलेली माती ओढली, ताराचा आकडा ठोकला आणि वर दगड ठेवला. साधं दाब कलम, दुसरं काही नाही. पाण्याची नळी आधीच घातलेली असल्याने या वेळी पाय कुजले नाहीत. दिवाळीत एक दगड उचलून हळूच माती बाजूला केली तर पांढरी मुळं. सातपैकी पाच धरली. पुढच्या जूनमध्ये ती आईपासून तोडली.

खिंडार भरत आलं तेव्हा एक वेगळीच तक्रार आली. इतक्या वर्षांत जाधववहिनी आणि मी त्या खिंडारातूनच एकमेकींना हाका मारत होतो. सुरुवातीला त्यांना काटेरी कुंपण मुळीच नको होतं. "आमच्या म्हशीला लागलं तर?" म्हणून यांच्याकडे दोनदा आल्या होत्या. मग त्यांच्या बाजूला झुकलेली करवंदं त्यांची, असं आपोआप ठरलं. एप्रिलमध्ये त्यांच्याकडून गूळ घातलेलं करवंदाचं पंचामृत येतं, आमच्याकडून लोणचं जातं. खरवस, पुरणपोळी, दवाखान्याची फाईल, सगळं त्या खिंडारातून. म्हशीला अजून काही लागलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, "ताई, आता वाटी कुठनं द्यायची?"

नवी फांदी छातीपर्यंत आली होती. मी आत जाऊन सुतळी आणली, फांदी बाजूला ओढून खांबाला बांधली. हात जाईल एवढी जागा झाली. त्यांनी वाटी दिली, खरवसाची. सुतळी अजून तिथेच आहे. या जूनला त्या फांदीचा शेंडा मारायला हवा होता, पण तिच्यात बुलबुल बसलेत.